व्हीटी ते दिवा, धावत

जुलै 2023. रविवार, पहाटेचे पावणेपाच. डोंबिवलीच्या घरडा सर्कलला रिक्षातून उतरले तेव्हा पाऊस नुकताच उघडला होता. दिव्याच्या खांबाखाली पंधरा-वीस जण हातपाय मोकळे करत उभे होते. त्यांच्या अंगात ते पातळ, चटकन सुकणारे टी-शर्ट आणि माझ्या अंगात सुती कुर्ता, पायात मुलीचे शाळेतले पीटीचे बूट. वय 46, वजन 71 किलो. रिक्षा अजून वळत होती, हात केला असता तर त्याच रिक्षाने घरी परत गेले असते. तेवढ्यात एक काका पुढे आले आणि म्हणाले, "पहिला दिवस ना ताई? या इकडे. आधी घोटे फिरवून घ्या."

त्यानंतर दीड वर्षाने, 19 जानेवारी 2025 ला, मी मुंबई मॅरेथॉन पूर्ण केली. 42.195 किलोमीटर. सुरुवात करताना मराठीत काही वाचायला मिळावं म्हणून मी खूप शोधलं होतं. जिंकणाऱ्यांच्या मुलाखती मिळाल्या, आठवड्यांचे तक्ते मिळाले. मधल्या दिवसांत नक्की काय होतं, किती पैसे जातात, कुठे अडायला होतं, हे कुणी लिहिलेलं सापडलं नाही. मी रोजची नोंद वहीत ठेवत होते. त्या वहीतूनच हे लिहिते आहे.

निमित्त बँकेतल्या वार्षिक आरोग्य तपासणीचं. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा (एचबीएवनसी) 6.3 आला. डॉक्टर म्हणाले, अजून मधुमेह नाही, पण उंबऱ्यावर आहात. वडिलांचे शेवटचे दिवस मधुमेहातच गेलेले मी पाहिले होते, म्हणून त्या रात्री झोप लागली नाही. दोन महिने एकटी चालले. पण आमच्या एमआयडीसी भागात पहाटे पाचला कुत्री आणि अंधार या दोन्हींची मला भीती वाटायची. शेजारच्या इमारतीतली एक मुलगी घरडा सर्कलला जमणाऱ्या या गटात धावायची, तिने नंबर दिला.

पहिल्या दिवशी मला एक मिनिट धावायचं, दोन मिनिटं चालायचं, असं वीस मिनिटं करायला सांगितलं. तिसऱ्या फेरीतच छाती भात्यासारखी व्हायला लागली. गटाचे प्रशिक्षक, आमचे सर, शेजारून जाताना म्हणाले, "मॅडम, पूर्ण वाक्य बोलून दाखवा." मला जेमतेम एक शब्द बोलता आला. "मग वेग जास्त आहे. ज्या वेगाने गप्पा मारता येतील तो तुमचा वेग." माझा तो वेग चालण्यापेक्षा कणभर जास्त होता. पण या एका वाक्यावर माझं पुढचं सगळं प्रशिक्षण उभं राहिलं. हळू धावताना शरीर चरबी जाळायला शिकतं, स्नायूंत रक्ताच्या बारीक वाहिन्या वाढतात, सांध्यांना सवय व्हायला सवड मिळते. नवखी माणसं सोडून देतात त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं, की ती रोज दम लागेपर्यंत धावतात आणि महिन्याभरात दुखावतात.

सगळ्यात मागे मीच होते, तरी एकटी नव्हते. घोटे फिरवायला सांगणारे 63 वर्षांचे काका माझ्या बाजूने चालत होते. आमच्या गटात याला 'शेपूट' म्हणतात. दर रविवारी जुन्यांपैकी एकाची पाळी असते. त्याने स्वतःचा सराव बाजूला ठेवून सगळ्यात मागच्या माणसाबरोबर राहायचं आणि तो परत येईपर्यंत घरी जायचं नाही. गट निवडताना इतरांनी काय विचारावं ते माहीत नाही, मी मात्र आता एकच विचारेन, की तुमच्याकडे शेवटच्या माणसाबरोबर कोण असतं?

फी महिन्याला 1,200 रुपये. फॉर्मवर रक्तगट, आणीबाणीत कळवायचा नंबर, चालू असलेली औषधं लिहायची होती. चाळिशीपुढच्या प्रत्येकाला डॉक्टरांचं पत्र सक्तीचं. त्यासाठी ईसीजी, टूडी इको आणि ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट केली. तारीख मिळायला नऊ दिवस लागले आणि रक्ताच्या तपासण्या धरून 4,300 रुपये झाले. हृदय ठीक होतं, हिमोग्लोबिन मात्र 10.4. तीन महिने लोहाच्या गोळ्या घेतल्या. गोळी चहाबरोबर घेऊ नका, चहाने लोह नीट शोषलं जात नाही. मी ती दुपारी लिंबूपाण्याबरोबर घ्यायची. पायऱ्या चढताना लागणारी धाप मी इतकी वर्षं वयाच्या नावावर खपवत होते, ती चार महिन्यांत गेली.

बुटांचं मात्र चुकलं. दुकानदाराने पायाला घट्ट बसणारे, नेहमीच्या मापाचे बूट दिले आणि ऑक्टोबरपर्यंत माझी दोन नखं काळी पडली. लांब धावताना पाय सुजतो. त्यामुळे पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी आणि बूट संध्याकाळी, दिवसभराने पाय फुगलेला असताना घ्यावेत. दुसरा जोड 5,800 रुपयांचा, एक माप मोठा. किती किलोमीटर झाले ते वहीत लिहिते आणि सातशे-आठशे झाले की बदलते.

बायकांसाठी दोन गोष्टी स्पष्टच लिहिते, कारण मला त्या कुणी आधी सांगितल्या नाहीत. चांगली स्पोर्ट्स ब्रा बुटांइतकीच महत्त्वाची आहे. तिच्या पट्ट्याखाली, काखेत आणि मांड्यांना आधी व्हॅसलिन लावा, नाहीतर घरी आल्यावर आंघोळीचं पाणी अंगावर पडलं की डोळ्यांत पाणी येतं. दुसरी गोष्ट स्वच्छतागृहांची. वीस किलोमीटर धावायचं म्हणजे रस्त्यावर तीन तास. आमच्या गटातल्या बायकांनी लांब धावांचे रस्ते पेट्रोल पंप बघून आखायला लावले. सरांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते गप्प झाले आणि म्हणाले, "हे मला सुचायला हवं होतं." तेव्हापासून नकाशावर पंपांच्या खुणा असतात. या वयात पाळीची तारीख सांगता येत नाही, म्हणून गटातल्या एका गाडीत पॅड कायम ठेवलेले असतात.

पावसाळा गेला, दहा किलोमीटर जमले. डिसेंबर 2023 मध्ये वसई-विरारला अर्धमॅरेथॉन केली, 2 तास 29 मिनिटं. परतताना मी उत्साहाने सरांना म्हटलं, "आता पूर्ण?" ते म्हणाले, "एक पावसाळा अजून जाऊ द्या. फुप्फुसं सहा महिन्यांत तयार होतात, हाडं आणि सांधे नाही होत." मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "तुम्ही रोज व्हीटीला जाता ना? बेचाळीस म्हणजे व्हीटी ते दिवा." व्हीटी म्हणजे आताचं सीएसएमटी, आणि दिवा हे आमच्या डोंबिवलीच्या थोडं अलीकडचं स्टेशन. ते वाक्य डोक्यातून जाईना. फास्ट लोकलमध्ये खिडकीत बसले की स्टेशनं मोजायची. ठाण्यालाच 34 होतात. मग कळवा, मुंब्रा, आणि त्याहीपुढे.

2024 च्या मे महिन्यात, 23 तारखेला, आमच्या एमआयडीसीत रासायनिक कारखान्यात स्फोट झाला. माणसं गेली. आमच्याकडे काचा हादरल्या, सासूबाई कितीतरी वेळ थरथरत होत्या. काही आठवडे आम्ही त्या बाजूला धावलो नाही. पुन्हा तिथून गेलो त्या पहिल्या रविवारी कुणी बोललं नाही.

जूनपासून पूर्ण मॅरेथॉनचा सराव सुरू झाला. मंगळवारी वेगाच्या छोट्या फेऱ्या, गुरुवारी चढ, रविवारी लांब धाव, मध्ये एक दिवस अगदी सावकाश आणि दोन दिवस घरीच ताकदीचे व्यायाम. डोंबिवलीत चढ कुठून आणायचा? तर ठाकुर्लीच्या उड्डाणपुलावरून दहा वेळा वर-खाली. पहाटे चारला उठायचं, सव्वासहाला घरी, डबे, आणि पावणेआठची फास्ट. हे माझ्या एकटीच्या जोरावर झालं नाही. नवऱ्याने सकाळची भाजी अंगावर घेतली, सासूबाई कणीक भिजवून ठेवायच्या. आदल्या रात्री नऊला दिवे बंद. लग्नकार्यं, नाटकं, रात्रीच्या गप्पा हे सगळं आठ महिने सुटलं. त्याची खंत वाटली, नाही असं नाही.

नोंदणी ऑगस्टमध्ये केली. पूर्ण अंतरासाठी आधीच्या शर्यतीचं वेळेचं प्रमाणपत्र अपलोड करावं लागतं. तिथे मी अडकले. वसईच्या फॉर्ममध्ये मी नुसतं नाव-आडनाव भरलं होतं, आधारवर मधलं नावही आहे. घाबरून आयोजकांना मेल लिहिला, आधारची प्रत जोडली. चार दिवसांत उत्तर आलं आणि प्रश्न मिटला. पण ते चार दिवस मी दर तासाला मेल उघडत होते. तेव्हा पहिल्या छोट्या शर्यतीपासूनच नाव ओळखपत्रावर आहे तसंच भरा आणि प्रमाणपत्राची पीडीएफ त्याच दिवशी उतरवून ठेवा. वर्षाने लिंक शोधत बसायला नको.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अंतर वाढत गेलं. 16, 18, 21, मग एक आठवडा कमी, मग 24. या रविवारांची आठवण म्हणजे काकांच्या गाडीची डिकी. कल्याण-शीळ रस्त्याच्या कडेला, पलावाच्या अलीकडे ती उघडी उभी असायची. आत जुनी चादर अंथरलेली. तिच्यावर स्टीलचा मोठा डबा, त्यात उकडून सोललेले छोटे बटाटे, वरून मीठ आणि किंचित जिरेपूड. शेजारी संत्र्याच्या फोडी, शेंगदाण्याची चिक्की, खजूर, कोकम सरबताचा थर्मास. बटाटे काकू पहाटे साडेतीनला उठून उकडायच्या. हातात घेतला तर अजून कोमट असायचा. मिठाचा खडा जिभेवर विरघळताना अंगात पुन्हा जीव येतो, तो क्षण मला अजून आठवतो. आपल्या स्नायूंत साठलेली साखर साधारण तीस किलोमीटरच्या आसपास संपत येते, आणि शरीर एकदम बंद पडल्यासारखं वाटतं ते त्यामुळे. म्हणून भूक लागायच्या आधी, दर चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी थोडं खायचं. धावताना खाणं पचवायचाही सराव करावा लागतो. मला पाकिटातल्या एनर्जी जेलने मळमळायचं, तर मी खजूर आणि चिक्कीवर राहिले. रोज साखर मोजणाऱ्यांनी मात्र हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावं, मीही विचारलं होतं.

17 नोव्हेंबरला 28 किलोमीटर होते. तेविसाव्या किलोमीटरला उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला सुरी फिरवल्यासारखं झालं. मी ते लपवलं. त्या आठवड्यात कुणाला सांगितलं नाही, गुरुवारी पुलावरही धावले आणि उतरताना पाय टेकवेना. तेव्हा रडू आलं. इतक्या महिन्यांच्या पहाटा एका गुडघ्यात अडकल्या होत्या. सरांनी रागावून बोलावं असं मला वाटत होतं, ते नुसते म्हणाले, "त्याच दिवशी सांगितलं असतंत तर एक आठवडा गेला असता. आता तीन जातील."

फिजिओने तपासलं. मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत येणारा जाड पट्टा घासला जात होता, आणि मूळ कारण होतं कमरेखालचे कमकुवत स्नायू. वीस वर्षं खुर्चीत बसून ते जणू झोपी गेले होते. 700 रुपयांना एक, अशा सहा बैठका झाल्या. कुशीवर झोपून गुडघा शिंपल्यासारखा उघडायचा, एका पायावर हळूहळू बसायचं, असे व्यायाम रोज वीस मिनिटं. धावण्याऐवजी सायकल. हे व्यायाम माझ्या तक्त्यात जूनपासून लिहिलेले होते. कंटाळा म्हणून मी ते निम्मे वेळा टाळले होते.

8 डिसेंबरला पुन्हा 16 धावले, दुखलं नाही. पंधरा तारखेला 24. आणि 22 डिसेंबरला सगळ्यात लांब धाव. मूळ तक्त्यात 32 होते, सरांनी 30 वर आणले. त्या दिवशी कल्याण-शीळ रस्त्यावरून खोणीकडे वळलो तेव्हा चांगलीच थंडी होती. मलंगगडाच्या मागून उजाडलं. गटातली एक प्राध्यापिका माझ्याबरोबर होती. पहिले दोन तास आम्ही मुलांच्या परीक्षांवर बोललो, तिसऱ्या तासात स्वयंपाकावर, आणि त्यानंतर नुसते पावलांचे आवाज. तीस पूर्ण झाले तेव्हा घड्याळात 4 तास 6 मिनिटं होती. गुडघा शाबूत होता. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, हे होईल.

शेवटचे तीन आठवडे अंतर कमी करत आणतात. हा काळ मनाला जड जातो. पाय उगाच दुखल्यासारखे वाटतात, शिंक आली तरी धास्ती वाटते. मी लोकलमध्ये मास्क लावला, बाहेरचं खाणं बंद केलं. याच दिवसांत हिशेबही मांडला. एकोणीस महिन्यांची फी, बुटांचे तीन जोड, तपासण्या, फिजिओ, कपडे मिळून 54 हजारांच्या आसपास, शर्यतींची नोंदणी वेगळी. रक्कम लहान नाही. धावायला काही लागत नाही असं जे म्हणतात ते मॅरेथॉनच्या बाबतीत खरं नाही, आणि हे आधी ठाऊक असलेलं बरं. कपड्यांवर आणि घड्याळावर वाचवता येतं, बूट आणि तपासण्यांवर वाचवू नका.

बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, घ्यायला बीकेसीला स्वतःच जावं लागतं. अर्ध्या दिवसाची रजा काढली, मूळ आधार आणि नोंदणीचा मेल जवळ ठेवला. बिबच्या मागे वेळ मोजणारी चिप असते, ती दुमडायची नाही. तिथल्या दुकानांतून नवे मोजे घ्यायचा मोह झाला होता, पण शर्यतीच्या दिवशी नवीन काही घालायचं नाही हा नियम मी पाळला.

19 जानेवारी. मॅरेथॉनच्या दिवशी मध्य रेल्वे पहाटे तीनच्या सुमारास कल्याणहून खास लोकल सोडते. डोंबिवलीला ती आली तेव्हा डबा छातीवर नंबर लावलेल्या माणसांनी भरलेला. कुणी केळं सोलतंय, कुणी डोळे मिटून बसलंय. एक मुलगा आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला होता, धावायला आईच चालली होती. साडेचारच्या आसपास उतरलो, आझाद मैदानात शिरलो आणि लगेच स्वच्छतागृहाच्या रांगेत लागलो. ते आधी उरका, रांग वाढतच जाते. पाचला सुरुवात झाली, गर्दीतून प्रारंभरेषा ओलांडायला मला अकरा मिनिटं लागली. त्याची काळजी करू नका, आपली वेळ आपण रेषा ओलांडल्यापासून चिपने मोजतात.

मरीन ड्राइव्हला अंधार आणि हजारो बुटांचा आवाज. पहिले दहा किलोमीटर सगळे पुढे जात होते आणि मी गप्पांच्याच वेगाने होते. सी लिंकवर चढलो तेव्हा पूर्वेला उजाडू लागलं होतं. एरवी त्या पुलावर पायी जाता येत नाही. मी दोन मिनिटं कठड्याच्या बाजूने धावले, नुसतं पाणी बघत. माहीमला लोक घरातून खुर्च्या आणून बसले होते. एका आजींनी ताटलीत संत्र्याच्या फोडी धरल्या होत्या आणि प्रत्येकाला म्हणत होत्या, "घे बाळा, बिया काढल्यात." खरंच काढल्या होत्या.

माहीम ओलांडून वरळीकडे जाताना मागून गाड्यांचा आवाज आला आणि आघाडीचे धावपटू शेजारून निघून गेले. त्यांच्या पावलांचा आवाजच येत नव्हता. मी थांबून टाळ्या वाजवल्या.

तेहतिसाव्या किलोमीटरला पोटरीत पेटके आले. ऊन चढलं होतं, दमटपणा होता. हाजीअलीला पोहोचले तेव्हा पुढचा पेडर रोडचा चढ दिसला आणि पाय थांबले. तिथे फुटपाथवर काका उभे होते. या वर्षी ते धावत नव्हते. हातात तोच स्टीलचा डबा. "आज माझी पाळी," ते म्हणाले. शेपटाची. मी रस्त्यावरून, ते फुटपाथवरून, असा तो सगळा चढ आम्ही चालत चढलो. ते एकदाही म्हणाले नाहीत की धावा. केम्प्स कॉर्नरला उतार लागला तेव्हा इतकंच म्हणाले, "आता वाक्य बोलून दाखवा." मी बोलले. मग धावायला लागले.

सीएसएमटीजवळची अंतिम रेषा ओलांडली, 5 तास 51 मिनिटं. पदक गळ्यात घालणाऱ्या मुलीने विचारलं, "काकू, रडताय का?" मला उत्तर देता आलं नाही. आमची प्राध्यापिका यायची होती. तिची वाट बघत तासभर फुटपाथवर बसलो, मीठ लावलेले उरलेले बटाटे खात.

परतीच्या स्लो लोकलमध्ये महिलांच्या डब्यात मी दांडीला धरून उभी होते. भाजीच्या रिकाम्या टोपल्या घेऊन बसलेल्या एका मावशींनी माझ्या पायांकडे बघितलं, सरकून जागा दिली आणि पदक हातात घेऊन विचारलं, "किती पळालीस?"

"बेचाळीस किलोमीटर."

"म्हंजे कुठपर्यंत?"

"सांगते," मी म्हटलं.

भायखळा गेलं, दादर गेलं. कुर्ला, घाटकोपर, मुलुंड. ठाणं आलं, मी काही बोलले नाही. कळवा. मुंब्र्याला खाडीचा वारा आत आला, मावशींचा डोळा लागला होता. मी त्यांच्या दंडाला हलकेच हात लावला. गाडी हळू होत होती, आणि फलाटावरच्या पिवळ्या पाटीवर दिवा वाचता येऊ लागलं होतं.